सदर, पोस्टी आणि राहून राहून राहणारी कथा : वेळ कसा काढता?

वेशीबाहेर
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसतीच वाचत) आहे, आज विचारूनच टाकते. एका जिल्हा दैनिकाच्या रविवार पुरवणीत माझं सदर असतं, सहाशे शब्दांचं, गावाकडची माणसं, बाजार, सणवार असं. शिवाय फेसबुकवर दोन-तीन दिवसाआड काहीतरी लिहून होतंच. नोकरी बँकेत, पोरगा यंदा दहावीला, सासूबाईंचं गुडघ्याचं चालू आहे. तर हे सगळं जमतंय. जमत नाही ती फक्त कथा.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी दीर्घकथा मागितलीये. जुलैअखेर द्या म्हणाले. आता जून लागला. डोक्यात सगळं आहे, सुट्टीच्या दिवशी सकाळी फाईल उघडते, मागचं वाचते, दोन वाक्यं खोडते आणि तेवढ्यात सदराला काहीतरी मस्त सुचतं की पळाले तिकडे. सदर दीड तासात हातावेगळं होतं, रविवारी सकाळी सात वाजल्यापासून फोन सुरू होतात, 'काय लिहिलंय ओ मॅडम'. कथेला कोण फोन करणार, ती तर अजून नाहीच.

जे लोक दोन्ही करतात त्यांनी सांगा, वेळेची वाटणी कशी करता? 'पहाटे चारला उठा' सोडून काहीही चालेल, मी पाचला उठतेच, डबे असतात.

चहाटळ
रुमाल टाकून ठेवतो. माझी कादंबरी इतक्या वर्षांपासून चालू आहे की तिच्यातल्या नायकाकडे अजून लँडलाईन आहे. :ड

पाऊलवाट_७
मला तर वाटतं सदराने कथा मरते वगैरे सगळं मनाचे खेळ आहेत. दळवींचं घ्या ना. जयवंत दळवी यूसिसमध्ये (अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात) नोकरी करायचे, 'ललित' मासिकात ठणठणपाळ नावाने महिन्याच्या महिन्याला सदर, तेही असं की भल्याभल्यांना घाम फुटायचा, आणि त्याच काळात कथा, कादंबऱ्या, पुढे नाटकंसुद्धा. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरी करत होते आणि लिहीत होते हर्णै-दापोलीकडच्या माणसांवर. लिहिणारा लिहितोच हो. हात चालू राहिला पाहिजे, मग तो कशावरही चालो.

वेशीबाहेर
पाऊलवाट, हात चालूच आहे, थांबतच नाही तीच तर अडचण आहे.

राईनकाठी
फ्रँकफुर्टहून लिहितोय, त्यामुळे डबे वगैरे प्रकरण माझ्याकडे नाही, आधीच कबूल करतो. मला एक पद्धत लागू पडली ती सांगतो. अँथनी ट्रोलोप नावाचा इंग्रज कादंबरीकार, एकोणिसाव्या शतकातला, पोस्टखात्यात मोठ्या हुद्द्यावर नोकरी. सकाळी साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, आणि दर पाव तासाला २५० शब्द झालेच पाहिजेत असा स्वतःला दंडक. असे तीन तास, मग कपडे करून नाश्ता आणि ऑफिस. चाळीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या बाबाने. मी पाव तासाला शंभरवर आणलंय, पण घड्याळ ठेवल्यापासून मध्येच दुसरीकडे जायची सवय सुटली.

सांजपर्णा
राईनकाठी, ट्रोलोपच्या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस तुम्ही गाळलात. त्याला रोज पहाटे उठवायला आणि कॉफी आणून द्यायला घरचा म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा त्याला मिळायचे. हे ट्रोलोपनेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि माझ्या यशात त्याचा वाटा सगळ्यात मोठा असंही म्हटलंय. निदान मान्य तरी केलं. आपल्याकडे ते पाच पौंडवालं काम ज्या करतात त्याच लिहायलाही बसतात.

वेशीबाहेर ताई, माझी दोन पोरं, शाळेत शिक्षिका, कथा लिहिते, वर्षाला एक किंवा दोन, त्याहून जास्त नाही. संवाद मी फोनवर बोलून टाईप करते. भाजी निवडताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. बाकीचं वर्णन-बिर्णन नाही, फक्त कोण काय बोललं तेवढंच. तो फोन 'वहिनी'ची 'वाहिनी' करतो, 'जाऊ'चं 'जावं' करतो, पण रात्री बसलं की समोर कोरा कागद नसतो, दोन बायका आधीच भांडत असतात. मग आपल्याला फक्त त्यांच्या मागचं स्वयंपाकघर लिहायचं राहतं.

चहाटळ
कुकरच्या शिट्ट्या पण टाईप होतात का?

सांजपर्णा
होतात. एकदा 'शी शी शी' असं आलं होतं, सासूच्या तोंडी तसंच ठेवलं.

निवृत्त_जुळारी
मी छापखान्यात अडतीस वर्षं होतो, खिळ्यांपासून संगणकापर्यंत, त्यामुळे साहित्याचं तुम्ही बघा, मी जुलैअखेरचं सांगतो. संपादक जुलैअखेर म्हणतात तेव्हा त्यांना माहीत असतं की निम्मे लेखक गणपतीत देणार. तरीपण दीर्घकथेला ही सवलत धरू नका. कविता, लेख हे कुठेही बसवता येतात, जाहिरातीच्या खाली, उरलेल्या अर्ध्या पानात. दीर्घकथा म्हणजे सलग पानं. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची सोळा पानं, कथा एक फर्मा खाते का दीड यावर पुढचा सगळा अंक हलतो, आणि रंगीत जाहिरातीची पानं ठरलेली असतात, ती हलत नाहीत. म्हणून कथा नंतर द्या पण पानं किती होतील ते आधी सांगा. संपादक याच एका गोष्टीसाठी लेखकाला दुवा देतो.

दुसरं, युनिकोडमध्ये पाठवा. अजूनही लोक जुन्या फाँटमधली फाईल पाठवतात आणि इकडे सगळी जोडाक्षरं फुटतात, मग नवीन पोरगं ते निस्तरताना 'प्रार्थना' आणि 'पार्थना' यात फरक करत नाही.

अवांतर: काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तो पहिला मानतात. शंभर वर्षांच्या वर झाली, लेखक उशिरा देतात ही परंपरा तेव्हापासूनची असणार, पुरावा नाही पण पैज लावतो.

वेशीबाहेर
काका, पानांचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद. पण पानं सांगायला कथा तरी हवी ना हो.

आता खरी अडचण सांगते. कथा आहे आमच्या शाखेत येणाऱ्या एका आजींवरून सुचलेली. निराधार योजनेचे पैसे जमा झाले की दर महिन्याला येतात, पासबुक भरून घेतात आणि म्हणतात वाच. वाचून दाखवलं की म्हणतात मागचं पान वाच. मागच्या पानावर कधीतरी मुलाने सुरतेहून पाठवलेले पाचशे रुपये आहेत, ती एकच नोंद त्यांना ऐकायची असते. या मार्चमध्ये पासबुक संपलं, नवीन दिलं, नव्यात जुन्या नोंदी येत नाहीत, फक्त शिल्लक पुढे ओढली जाते. त्या काउंटरवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ह्यात माझं पोरगं नाही.

हे मी एप्रिलमध्ये पोस्ट केलं (गाव, नाव, रक्कम सगळं बदलून, कुणी विचारायच्या आत सांगते). तुफान चाललं, शेकड्याने लोक रडले, कुणीतरी माझं नाव काढून व्हॉट्सॲपवर पण फिरवलं, मलाच माझ्या मावशीने फॉरवर्ड केलं, खाली 'डोळे पाणावले' आणि हात जोडलेले. आणि तेव्हापासून कथा बंद. बसले की वाटतं हे तर झालं की सांगून.

मजकूरमजूर
हा धागा वेळेबद्दलचा नाहीच आहे, वेशीबाहेर. तुम्हाला वेळ मिळतोय, तो पण रविवारचा, आमच्यासारख्यांना हेवा वाटावा इतका.

मी पोटासाठी मजकूर लिहितो. दिवसाला तीन-चार लेख, 'केसगळतीवर सात घरगुती उपाय' ते 'गृहकर्ज घेताना काय पाहाल'. संध्याकाळी कविता लिहायचो. वेळ तेव्हाही होता, आजही आहे. बिघडलं ते वेगळंच. दिवसभर जे लिहितो त्याची एक चाल बोटांत बसते. माझ्या कवितेत 'चला तर मग जाणून घेऊया'च्या चालीत ओळी यायला लागल्या. तुमच्या सदराची पण चाल असणार, मी वाचलेलं नाही तरी सांगतो : सुरुवातीला एक माणूस, मधे थोडी गंमत, शेवटच्या ओळीत घशात आवंढा. सहाशे शब्दांत तेच बसतं, आणि चांगलं बसतं म्हणून तर फोन येतात. आजींची पोस्ट 'ह्यात माझं पोरगं नाही' वर संपली ना? संपणारच, तिथे टाळी आहे. आता दीर्घकथेत तुम्ही दर सहाशे शब्दांनी टाळीशी येऊन थांबताय, आणि टाळीनंतर पुढे काय लिहायचं याचा सरावच नाही.

पाऊलवाट_७
मजकूरमजूर, हे जरा जास्तच झालं. न वाचता एवढं?

वेशीबाहेर
नाही नाही, बोलू द्या त्यांना. मी आत्ता मागची दहा-बारा सदरं काढून फक्त शेवटची ओळ वाचली. जाऊ दे.

गावकूस
मी जरा वेगळा सूर लावतो. ही सगळी चर्चा एक गोष्ट गृहीत धरून चालली आहे की कथा म्हणजे वरची आणि सदर म्हणजे खालची. कुणी ठरवलं? व्यंकटेश माडगूळकरांची माणदेशातली माणसं आधी साप्ताहिकातूनच लोकांना भेटली, छोटी छोटी व्यक्तिचित्रं, आणि ती आज जितकी वाचली जातात तितक्या त्या काळातल्या किती 'गंभीर' कादंबऱ्या वाचल्या जातात? माणूस नंतर पुणे आकाशवाणीवर नोकरी करत होता, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम करत होता, तरी कादंबरी लिहिलीच. जिल्हा दैनिकातलं सदर वाचून सकाळी सातला फोन करणारा वाचक म्हणजे काय चेष्टा आहे का? तो दिवाळी अंक विकत घेईलच असं नाही, बहुतेक नाहीच घेणार. कथा होत नसेल तर नका लिहू. सदरच अजून चांगलं लिहा. मराठीत कथेचा तुटवडा नाही, साताऱ्याच्या बाजारावर नीट लिहिणाऱ्यांचा आहे.

सांजपर्णा
गावकूस, पटतंय पण अर्धंच. तिला कथा लिहायची आहे हो. 'नका लिहू' हे आम्हाला घरातूनही फुकट मिळतं.

गावकूस
हा मुद्दा बिनतोड. मागे घेतो, पण वरची-खालचीचं मागे घेत नाही.

पाऊलवाट_७
एक कल्पना. कथाच आठवड्याला एक भाग अशी फेसबुकवर का नाही टाकत? ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात आठवड्याला प्रकरण अशा कादंबऱ्या लिहिल्या. आनंदाश्रमाची व्यवस्था बघायची, पुढे पुण्याची नगरपालिका, साप्ताहिकाचं संपादन, आणि वर हे. आठवड्याचा धाक असला की होतं. टाळी पण मिळेल, कथा पण होईल.

निवृत्त_जुळारी
त्याच आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या हेही सांगा की राव. आणि आपटे स्वतःच्याच अंकात छापत होते, त्यांना विचारणारं कोण होतं. इथे संपादक 'अप्रकाशित साहित्यच पाठवावे' असं आवाहनात छापतात. फेसबुकवर टाकलेलं प्रकाशित धरायचं की नाही यावर दर संपादकाचं मत वेगळं. काही म्हणतात मित्रयादीपुरतं असेल तर चालेल, काही सरळ नाही म्हणतात. आजींच्या पोस्टबद्दल त्यांना आधीच कल्पना द्या, छापून झाल्यावर कुणी स्क्रीनशॉट पाठवला तर अंकाची शोभा होते.

राईनकाठी
सदर पंधरा दिवसांनी एकदा करता येईल का? निम्मा भार कमी.

वेशीबाहेर
विचारून झालं. 'मॅडम, आठवडा सोडला तर जागा दुसऱ्याची' असं उत्तर आलं. प्रेमाने आलं, पण आलं.

सांजपर्णा
मग सोडू नका, साठवा. पुढच्या दोन महिन्यांत काय काय येतंय ते तुम्हाला आजच माहीत आहे ना? वारी येणार, बेंदूर येणार, नागपंचमी येणार, पंधरा ऑगस्टला शाळेत पोरांना जिलेबी मिळणार. बेंदरावरचं सदर बेंदराच्या आदल्या रात्रीच लिहायला पाहिजे असं कुठे आहे. एका शनिवार-रविवारी बसा आणि चार पाडून ठेवा. तुमची चाल बसलेली आहे म्हणतात ना मजकूरमजूर, मग तिचा फायदा घ्या, चाल बसलेलं लिखाण रांगेत लिहिता येतं. पाऊस फारच ओढला किंवा काही मोठं झालं तर त्या आठवड्याचं बदला, बाकीचं तयार. आणि फेसबुक तेवढ्यापुरतं फोनवरून काढा, त्याचे पैसेही कुणी देत नाही.

चहाटळ
सदराचे देतात?

वेशीबाहेर
:) पुढचा प्रश्न.

मजकूरमजूर
सांजपर्णांचं नियोजन एकदम बरोबर, पण मोकळे झालेले रविवार परत त्या टाळीपाशीच जाऊन अडकणार असतील तर उपयोग नाही. म्हणून आजींबद्दल दोन शब्द, आगाऊपणा वाटला तर प्रतिसाद उडवायला सांगा.

पोस्टमध्ये आजी गोड आहेत. कारण पोस्टला तेवढंच परवडतं. पण दर महिन्याला एक बाई रांगेत उभी राहते, मागे दहा माणसं, प्रिंटर अडकलेला, आणि ती म्हणते मागचं पान वाच, तेव्हा काउंटरवरच्या माणसाला ती गोड वाटते का? खरं सांगा. मला तर वाटतं तो तिला बघितलं की चहाला उठत असेल. आणि एखाद्या महिन्यात घाईत त्याने ती नोंद वाचलीच नसेल, पाठ झालेलं म्हणून दाखवलं असेल, किंवा पाचशेच्या जागी हजार म्हटलं असेल, उगाच, आजीला बरं वाटावं म्हणून. मग पुढच्या महिन्यात दुसरा क्लार्क बसला आणि त्याने पाचशेच वाचले तर? आजी म्हणणार पैसे कमी केले बँकेने. तक्रार करणार. वरून साहेब येणार. ही कथा आहे. यात 'ह्यात माझं पोरगं नाही' हे वाक्य आलंच तर मध्यावर कुठेतरी येईल आणि कुणी त्याकडे लक्षही देणार नाही, कारण तोवर वाचक त्या हजार रुपयांच्या भानगडीत असेल. पोस्टने तुमची कथा संपवलेली नाही, पोस्टने फक्त सगळ्यांना दिसणारी बाजू वापरली.

सांजपर्णा
बाप रे. हे तुम्हीच लिहा ना मग.

मजकूरमजूर
मला संध्याकाळी गृहकर्जावर द्यायचंय.

राईनकाठी
+१. आणि हजार म्हणणारा क्लार्क मला लगेच दिसला. पन्नाशीचा, बदलीची वाट बघणारा.

पाऊलवाट_७
मी म्हणेन तो नवीन लागलेला पोरगा असावा. पन्नाशीचा माणूस असला खोटेपणा करणार नाही, त्याला परिणाम माहीत असतात.

गावकूस
बँकवाली त्या एकट्याच आहेत इथे, त्यांना ठरवू द्या की. :)

वेशीबाहेर
दोघंही नाही. :) बाई आहे ती क्लार्क, तिची स्वतःची घरी भांडणं आहेत आणि तिचा भाऊ पण बाहेर असतो, फोन करत नाही. हे मला आत्ता टाईप करताना कळलं, पूर्वी कथेत क्लार्क नुसती ऐकणारी होती. मजकूरमजूर, हजारचं तुमचं आहे, वापरू का? अंकात आभार मानता येत नाहीत म्हणून इथेच विचारते.

मजकूरमजूर
वापरा वापरा. रक्कम मात्र तुमच्या आकलनाने ठरवा, मला बँकेतलं कळत नाही. इतका फरक शिल्लक रकमेशी ताडून लगेच पकडला जाईल का वगैरे.

वेशीबाहेर
त्या वाचता येत नसल्यामुळेच तर येतात, आणि शिल्लक त्यांना तोंडपाठ असते, म्हणजे पकडलं जाईलच. उलट तेच हवंय मला. आजी हिशेबाला पक्क्या आहेत, पोस्टमध्ये हे लिहिलं नव्हतं, तिथे भाबड्या ठेवल्या होत्या.

निवृत्त_जुळारी
काय ठरलं मग ताई? महिना संपत आला.

वेशीबाहेर
काका, बेंदूर आणि वारी लिहून पाठवून दिली, नागपंचमी अर्धी आहे. फेसबुक फोनवरून काढलं, पोराने विचारलं पण की आई तुझं अकाउंट हॅक झालं का. कथा पहिल्यापासून घेतली, क्लार्कच्या बाजूने. बारा पानं झाली हाताने लिहून, आणि आजी अजून बँकेत आलेल्याच नाहीत, क्लार्क आणि शिपाई यांचंच पासबुक प्रिंटरवरून चाललंय. संपादकांना छापील वीस पानं धरा असं कळवलंय.

निवृत्त_जुळारी
बारा पानांत आजी आल्या नाहीत तर वीसमध्ये काही मावत नाही. अठ्ठावीस धरा आणि आजच फोन करा, अजून फर्मे पडलेले नाहीत.